फूड ट्रक टाकायचाय? वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

मागच्या अंकात म्हणलो होतो की खाण्यापिण्याच्या धंद्याबद्दल काही विचारायचं असंल तर लिहा, तर आलेल्या पत्रांत फूड ट्रकवालेच जास्त निघाले. लातूर, परभणी, जालना, धाराशिव, सगळीकडनं. आणि जवळपास सगळ्यांनी पहिला प्रश्न गाडीचाच विचारलाय, कोणती घेऊ, केवढ्याची घेऊ, कुठून बनवून घेऊ. तिथंच माझं घोडं अडतंय, पण ते खाली येईलच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : काका नमस्कार. मी लातूरचा. डिप्लोमा करून पुण्यात नोकरी करत होतो, आता परत आलोय. आई धपाटे लई भारी करती, बहीण पण सोबत आहे. ऑनलाइन एक तयार फूड ट्रक बघितलाय, टाटा एसवर बनवलेला, हैदराबाद पासिंग, मालक साडेपाच लाख म्हणायलाय. चार लाख साठवलेत, बाकीचं कर्ज काढीन. क्लासेसच्या भागात लावायचा विचार आहे. घेऊ का? आणि लायसन काय काय लागतात?

उत्तर : अजून टोकन दिलं नसशील तर देऊ नको, एवढं आधी वाच आणि मग ठरव.

तू पत्रात गाडीबद्दल सगळं सांगितलंस पण ती उभी कुठं राहणार हे "क्लासेसच्या भागात" एवढ्या दोन शब्दांत उरकलंस, आणि धंदा चालायचा की बसायचा ते सगळं त्या दोन शब्दांतच आहे बघ. दोनच रस्ते असतात. एक म्हणजे रस्त्याच्या कडेला, तिथं पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा लागतो, त्यात नगर पथविक्रेता समिती असती, सर्वेक्षण होतं, मग विक्री प्रमाणपत्र मिळतं आणि कुठं बसता येईल कुठं नाही हे ठरवून दिलेलं असतं. मोठी गाडी त्या चौकटीत बसवून घेतात की नाही हे तुझ्या महापालिकेत स्वतः जाऊन विचारायचं, मित्राच्या मित्रानं सांगितलं म्हणून धरायचं नाही. दुसरा रस्ता म्हणजे खासगी जागा, एखाद्या हॉस्टेलचं पटांगण, मंगल कार्यालयाची पुढची मोकळी बाजू, पेठेतल्या कुणाचा रिकामा प्लॉट. माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी खासगी जागाच बघ, भाडं जाईल पण अतिक्रमणाची गाडी आली की सगळं गुंडाळून पळायचं टेन्शन राहणार नाही. जागामालकाशी ११ महिन्यांचा लेखी करार कर, त्यात पाणी, वीज, रात्री गाडी तिथंच ठेवायची की न्यायची आणि खरकटं कोण उचलणार हे सगळं लिहून घे, कारण भांडणं भाड्यावरून कमी आणि सांडपाण्यावरून जास्त होतात.

जागा मिळाली की गाडी नाही, टेबल लाव. एक टेबल, एक शेगडी, वर छत्री, आई-बहीण सोबत, आणि महिना-दीड महिना तिथंच विकून बघ. ट्रायल म्हणून गल्लीतल्या लोकांना खाऊ घालू नको, ते आईच्या तोंडाकडं बघून छानच म्हणणार. अनोळखी पोरगं पैसे देऊन खातंय का आणि परवा परत येतंय का, तेवढं बघायचं.

लातूरचं एक गणित तुला माहितीच असंल तरी सांगतो. क्लासेसचं गिऱ्हाईक बारा महिने नसतं. मे महिन्यात नीट झाली की हॉस्टेलं रिकामी होतात आणि नवीन बॅच जमेपर्यंत रस्ते सुने पडतात. कर्जाचा हप्ता मात्र मे महिन्यात पण येतो. त्यामुळं ते दिवस लग्नसराईच्या ऑर्डरी, एखादी यात्रा, असं काहीतरी आधीच ठरवून ठेवायला पाहिजे.

आता जरा कागद-पेन घे. आकडे मी समजा म्हणून टाकतो, तू तुझे टाक. हप्ता १५,००० रुपये, महिन्याचे २५ दिवस धंदा धरला तर रोजचे ६००. जागा रोजची ३००. दोन हाताखालची माणसं मिळून १,०००. पेट्रोल-पाणी २००. गाडीच्या दुरुस्तीला रोज १५० बाजूला टाकायचेच. झाले २,२५०. आता धपाट्याची प्लेट ६० रुपये, त्यात दोन धपाटे, दही, ठेचा. पीठ-तेल-दही-गॅस-प्लेट सगळं धरून खर्च २७ गेला तर राहिले ३३. म्हणजे रोज ६९ प्लेटा गेल्या तर तू शून्यावर आलास, तुझा आईचा बहिणीचा पगार अजून निघालाच नाही.

आणि इथं गंमत बघ. ६९ प्लेटा म्हणजे १३८ धपाटे. तवा कितीबी मोठा घेतलास तरी थापणारे हात दोनच. मिनिटाला एक धपाटा थापला (आई करत असंल, पगारी माणूस करणार नाही) तर तासाला ६०, म्हणजे ३० प्लेटा. क्लास सुटल्यावरची गर्दी तास-दीड तासच असती, तेवढ्यात फार तर ४५ प्लेटा निघतील आणि बाकीची पोरं घड्याळ बघत शेजारच्या वडापावकडं जातील. म्हणून धपाट्याच्या जोडीला हाताला लवकर येणारा एक पदार्थ पाहिजेच. मी तर सुशीला म्हणीन. चुरमुरे भिजवून पिळून ठेवले, फोडणी तयार असली की दोन मिनिटात प्लेट हातात, खर्च कमी, आणि बाहेरगावची पोरं घरच्या आठवणीनं खातात. एवढ्या मराठवाड्यात रस्त्यावर बरी सुशीला मिळायला शोधावं लागतंय, ही आपल्या लोकांची कमाल आहे, मोमोज मात्र गल्लीगल्लीत!

हे सगळं टेबलावर जमलं की मग गाडी. टेबलाच्या आधी गाडी घेणं म्हणजे स्थळ बघायच्या आधी मांडव घालणं.

आता तू बघितलेल्या गाडीबद्दल. टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, चांगलीच गाडी, पण तिची वजन घ्यायची ताकद साडेसातशे किलोच्या आसपास, आणि फूड ट्रक बनवणारे लोक पत्रा, अँगल, ग्रॅनाइटचा ओटा, टाइल्स असं ठोकत सुटतात. त्यात २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो, आणि हे वजन दिवसभरात कमी होत नाही बरं का, वरच्या टाकीतलं पाणी खालच्या सांडपाण्याच्या टाकीत जातं एवढंच. १९ किलोचा भरलेला सिलेंडर टाकीसकट ३५ किलोच्या पुढं, असे दोन. तीन बाय दोन फुटाचा १० एमएमचा लोखंडी तवा एकटाच ४४ किलोचा. फ्रीज, बॅटऱ्या, पिठाचे डबे, माणसं. म्हणून मालकाला म्हण की टाक्या भर, सामान ठेव आणि चल वजनकाट्यावर, पावती घे आणि आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी कागदावरच्या) ग्रॉस वजनाशी, म्हणजे भरल्या गाडीच्या जास्तीत जास्त वजनाशी, ताडून बघ. तो नाही म्हणाला तर तुला उत्तर मिळालंच.

दुसरं, पासिंग. मूळ गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची मंजुरी लागती आणि ती आरसीवर चढलेली पाहिजे. केंद्राच्या यादीत मोबाइल कॅन्टीन असा वाहनाचा प्रकारच आहे, तो ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे धंद्याच्या गाड्यांत येतो, म्हणजे फिटनेसची तपासणी आली, नवीन गाडीला ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दर वर्षी. तुझ्या त्या गाडीच्या आरसीवर नुसतं गुड्स कॅरियर लिहिलं असंल आणि वर किचन ठोकलेलं असंल तर उद्या आग लागली किंवा अपघात झाला की विमा कंपनी पहिलं तेच बोट दाखवणार. शिवाय तेलंगणा पासिंग, म्हणजे तिकडची एनओसी, इकडं कर भरून नवीन नंबर, ते एजंटचे हेलपाटे वेगळेच. साडेपाच लाखात हे सगळं धरून बघ, ती गाडी स्वस्त राहत नाही.

लायसनचं तेवढं अवघड नाही, लोक उगं घाबरवतात. अन्नाची नोंदणी किंवा परवाना एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) फॉसकॉस पोर्टलवर स्वतः काढता येतो, छोट्या धंद्याला नुसती नोंदणी पुरते, मोठ्याला राज्याचा परवाना. २०११ च्या नियमात ही रेषा वर्षाच्या १२ लाख उलाढालीवर होती, अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर चालू मर्यादा बघून घे. १४ आकडी नंबर मिळतो, तो गाडीवर दिसंल असा लाव. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, कुणी त्याचे हजार-दोन हजार मागितले तर उठून ये. तुझ्यासारखे थोडेच कामगार असले तर शॉप ॲक्टमध्ये नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. हाताखालच्या माणसांचं वैद्यकीय प्रमाणपत्र दर वर्षी, टायफॉइडची लस, आणि पिण्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल. हा शेवटचा कागद लातुरात तरी कुणाला समजावून सांगायला नको, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं गाव आहे. टँकर कुठला, बोअर कुठला, हे ज्याला माहीत नाही त्यानं खाण्याचा धंदा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आम्ही परभणी जिल्ह्यातल्या उमेदच्या बचत गटातल्या पाच जणी. ज्वारीची भाकरी, पिठलं, येसर आमटी असं जेवण विकायची गाडी करायचीय, कृषी विद्यापीठाजवळ. कर्ज कोणतं घ्यावं? एक जण म्हणाला आधी गाडी घ्या, मग सबसिडी मिळवून देतो.

उत्तर : ताई, तो जो कोण एक जण आहे त्याला आधी चहा पाजून वाटेला लावा.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि गाव-शहर बघून १५ ते ३५ टक्के अनुदान असतं, जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज होतो, पण ते नवीन उद्योगाला असतं. आधी गाडी घेऊन धंदा चालू केला की तुम्ही जुन्या झालात, मग फाईल पुढं सरकत नाही. म्हणजे तो सांगायलाय त्याच्या बरोबर उलटं करायचंय, आधी प्रकल्प अहवाल, मग मंजुरी, मग कोटेशनप्रमाणं खरेदी. आणि अनुदान काही हातात रोख येत नसतं, ते बँकेत तुमच्या कर्जखात्यापाशी ३ वर्षं अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं, तोवर हप्ते भरत राहायचे. "सबसिडी आली की फेडू" असा हिशोब घालून बसू नका.

मुद्रा कर्ज योजनेत शिशु ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत, तरुण १० लाखापर्यंत, तारण मागत नाहीत. तुमच्यापैकी कुणी शहरात आधीपासून हातगाडी किंवा पाटी लावत असंल तर तिला पीएम स्वनिधी बघता येईल, पथविक्रेत्यांना कर्ज देणारी, २०२० ला चालू झालेली योजना, आता पहिलं कर्ज १५ हजार, ते वेळेवर फेडलं की २५ हजार आणि मग ५० हजार. एवढ्यात गाडी येत नाही, पण भांडी, शेगडी, टेबल येतं आणि बँकेत तुमचं नाव चांगलं होतं, ते पुढं लाखाच्या कर्जाला उपयोगी पडतं. गटाचं अंतर्गत कर्ज आहेच, ते सगळ्यात आधी वापरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगतो. पाच जणी आहात तर गाडी कुणाच्या नावावर, ड्रायव्हर कोण, आणि एखादीच्या घरी बाळंतपण-लग्न निघालं तर तिचा वाटा कसा धरायचा हे गटाच्या ठराव वहीत आत्ताच लिहा. पाच जणींचं चांगलं जमतंय तोवरच लिहायचं असतं हे. आणि रोजची रोकड जिच्याकडं असंल तिनं हिशोब लिहायचा नाही, हिशोब दुसरीनं लिहायचा.

बाकी तुमचा मेनू मला फार आवडला. भाकरी मात्र गाडीत ताटभर थापून ठेवू नका, गार भाकरीला कुणी पैसे देत नाही. ज्वारी चांगली घ्या, जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तशीच लातूरकडच्या बोरसुरीच्या तूर डाळीला पण. अशा मालाची पाटी लावली तर विद्यापीठातली माणसं दोन रुपये जास्त देतील, अट एकच, माल खरंच तिथला पाहिजे.

प्रश्न : घरचा लाल सिलेंडर गाडीत वापरला तर चालतो का? सगळेच वापरतात. — जालना एमआयडीसीतून एक

उत्तर : नाही. सगळे वापरतात म्हणून तो कायद्यात बसत नाही, घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर धंद्याला वापरणं गुन्हाच आहे, पकडला की सिलेंडर जप्त आणि केस वेगळी. १९ किलोचा कमर्शियलच घ्यायचा आणि त्याचा भाव बहुतेक दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो म्हणून प्लेटचा खर्च पण दर महिन्याला परत काढायचा.

पण तुमच्या प्रश्नापेक्षा मोठी गोष्ट ही की बंद गाडीत गॅस ठेवायचा कसा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की वर जात नाही, खाली फरशीवर पसरतो आणि कोपऱ्यात साठून राहतो. वरचा एक्झॉस्ट फॅन तुमचा धूर ओढंल, गॅस नाही ओढणार. म्हणून सिलेंडरची जागा किचनपासून वेगळी, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला तळाशी जाळी. किचनच्या फरशीलगत पण भोकं पाहिजेत. नळी आयएसआयची, तारीख बघून बदलायची. गाडी हलवायच्या आधी सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, रेग्युलेटर काढून ठेवायचा, शेगडीचं बटन बंद केलं म्हणजे झालं असं नाही. एबीसी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर दाराजवळ लावा, किचनच्या आतल्या टोकाला लावलं तर आगीच्या पलीकडं राहतं. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही, पाणी ओतलं की पेटतं तेल उसळून अंगावर येतं. हे हाताखालच्या पोराकडनं एकदा करून घ्या, नुसतं सांगून उपयोग नाही.

तेलावरनं आठवलं, तेच तेल आठवडाभर चालवणाऱ्यांसाठी पण नियम आहे, १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवून तयार होणारे वाईट घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायला बंदी आहे. तुमच्याकडं ते मोजायचं मशीन नसणार, पण तेल काळं पडलं, फेस धरायला लागलं, लवकर धूर द्यायला लागलं की ते गेलं समजा.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर फूड ट्रक लावता येईल का? तिथं गाड्यांना खायला काही मिळत नाही असं लोक म्हणतात.

उत्तर : महामार्गावर, म्हणजे आत, नाही. तिथं गाडी थांबवायचीच परवानगी नाही, आणि थांबलेल्या गाडीला मागून काय होतं ते पेपरात वाचतच असाल. जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबईकडं पूर्ण चालू झालाय, वर्दळ वाढणार हे खरं, पण तुमची जागा इंटरचेंजच्या बाहेर, गावाकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या खासगी जमिनीत. तिथंसुद्धा आधी दोन-तीन संध्याकाळी नुसतं उभं राहून मोजा की किती गाड्या उतरतात आणि त्यातल्या किती थांबतात.

प्रश्न : आम्ही धाराशिवचे. एका जागी न थांबता यात्रा करायचा विचार आहे, तुळजापूर नवरात्र, येरमाळा, पैठणची नाथषष्ठी, माळेगाव. फूड ट्रकचा फायदाच तो ना काका? उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

उत्तर : फायदा तोच, बरोबर बोललात. चार यात्रा पण चांगल्या पसरलेल्या निवडल्यात, आश्विनात तुळजापूर, मार्गशीर्षात माळेगाव, फाल्गुनात पैठण, चैत्रात येरमाळा. पण यात्रेत जागा ग्रामपंचायत, नगरपालिका, देवस्थान यांच्या हातात असती, तिथं आदल्या दिवशी गाडी घेऊन गेलं की पार्किंगच्या मागं कुठंतरी जागा मिळती. महिनाभर आधी जाऊन पावती फाडायची. पहिल्या वर्षी गाडी न नेता नुसतं फिरून या असं मी म्हणीन, लोक कुठून येतात, कुठं बसतात, किती वाजता भूक लागलेली असती, सगळं कळतं.

तुळजापूरला नवरात्रात उपवासाचं चालतं हे तुम्हाला सांगायला नको. पण भगरीचं जपून. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडं परत परत येतात, कारण ओलाव्यात ठेवलेल्या भगरीला बुरशी लागती आणि त्या बुरशीचं विष शिजवूनसुद्धा जात नाही. सुटं दळलेलं पीठ घ्यायचंच नाही, बंद पाकिटातली तारीख बघून घ्यायची, कोरड्या डब्यात ठेवायची, आणि पाकिटाचा कागद आठवडाभर जपून ठेवायचा, उद्या कुणी विचारलं तर माल कुठला ते दाखवता येतं.

उन्हाळ्याचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बाहेर ४२ अंश असतं आणि पत्र्याच्या गाडीत शेगडी चालू असताना आत काय होतं ते एकदा दुपारी तासभर उभं राहून बघा. नियम साधा आहे, गरम पदार्थ ६० अंशाच्या वर, गार पदार्थ ५ अंशाच्या खाली, मधलं जे आहे त्यात जंतू भराभर वाढतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तर सगळी गाडीच त्या मधल्यात असती. दोनशे-तीनशे रुपयांचा किचन थर्मामीटर घ्या, बोट घालून बघायची सवय सोडा. खोबऱ्याची चटणी, दही, शिजवलेला भात, उकडलेला बटाटा हे चार दगाबाज. चटणी ओल्या खोबऱ्याऐवजी शेंगदाण्याची कोरडी ठेवली तर निम्मी काळजी मिटली, आपल्याकडं ती तशीही जास्त खपते. गाडीच्या छताला आतून इन्सुलेशन आणि बाहेरून पांढरा रंग द्या, काळा रंग स्टायलिश दिसतो पण आतल्या माणसाचा जीव जातो.

आणि फ्रीज चालवायचा तर विजेचा हिशोब. डीप फ्रीज, दोन पंखे, दिवे, एक्झॉस्ट मिळून ३५०-४०० वॉट सहज होतात. १५० एएचची एक बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देती, प्रत्यक्षात त्याच्या दोन तृतीयांश धरा, म्हणजे तीन तास. यात्रेत तर दिवसभर उभं राहायचंय. दोन-तीन बॅटऱ्या नाहीतर जनरेटर लागणारच, जनरेटर गाडीच्या बाहेर, खिडकीपासून लांब, त्याच्या धुरातला विषारी वायू आत आला तर वास न येता माणूस गुंगतो. बर्फाची पेटी मात्र जवळ ठेवाच, बॅटरी दगा देती तेव्हा तीच कामाला येती.

प्रश्न : काका, मी संभाजीनगरचा, सिडकोत राहतो. इन्स्टावर फेमस करून फूड ट्रक चालवायचाय, पिझ्झा-मोमोज-रोल-चायनीज-शेक्स असा फुल मेनू. गाडीला नाव पण भारी ठरवलंय. काय वाटतं?

उत्तर : नाव चांगलं आहे, मेनू निम्म्याच्या निम्मा कर.

पाच प्रकारचं जेवण म्हणजे पाच प्रकारचा कच्चा माल, आणि गाडीत फ्रीज एकच. जे खपलं नाही ते रात्री फेकायचं, तिथंच नफा जातो, आणि जे फेकवत नाही ते दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पोटात जातं, ते त्याहून वाईट. तीन पदार्थ, त्यातला एक असा की जो कॅनॉटला किंवा निराला बाजारला दुसऱ्या कुणाकडं नाही. ज्या शहरात नान खलिया आणि इमरती खायला बाहेरगावचे लोक येतात तिथं तू फ्रोजन मोमोज विकून फेमस व्हायला निघालास, व्हिडिओ होतील रे, पण रीलवाला एकदा येतो आणि फुकट खाऊन जातो. आठवड्यातून तीनदा येणारं गिऱ्हाईक शेंद्रा-चिकलठाण्याच्या कंपनीतनं शिफ्ट संपवून येतं, त्याला पोटभर, गरम आणि खिशाला परवडणारं पाहिजे असतं.

इन्स्टावर एकच गोष्ट न चुकता टाक, आज गाडी कुठं आहे आणि किती वाजेपर्यंत. आणि जी जागा-वेळ टाकली तिथं पाऊस असो की मॅच असो, उभं राहा. दोनदा लोक येऊन परत गेले की तिसऱ्यांदा येत नाहीत.

प्रश्न : जीएसटी लगेच काढावा लागतो का? आणि क्यूआरवर पैसे घेतले की टॅक्सवाले मागं लागतात म्हणतात, खरंय का? — हिंगोली

उत्तर : तयार जेवण देणं ही सेवा धरतात, त्यामुळं वर्षाला २० लाखाच्या आत उलाढाल असंल तर नोंदणी सक्तीची नाही. ४० लाखाचा आकडा ऐकला असंल, तो नुसता माल विकणाऱ्यांचा, तुमचा नाही. २० लाखाच्या वर गेलात की रेस्टॉरंटला ५ टक्के दर, खरेदीवर भरलेला कर मात्र वजा मिळत नाही. ॲपवरून ऑर्डरी घ्यायच्या असतील तर १ जानेवारी २०२२ पासून त्या ऑर्डरींवरचा कर ॲपवालाच भरतो, पण त्याचं कमिशन बघून ॲपवरचे भाव वेगळे ठेवा.

क्यूआरचं म्हणाल तर रोख घेतलं काय नि क्यूआरवर घेतलं काय, उलाढाल तीच. उलट बँकेत कर्ज मागायला जाल तेव्हा ते स्टेटमेंटच तुमची बाजू मांडतं. फक्त धंद्याचं खातं वेगळं काढा, घरचा किराणा, मामाला दिलेले उसने आणि प्लेटांचे पैसे एकाच खात्यात असले की वर्षअखेर सीए पण डोक्याला हात लावतो.